पदवी, प्रतिज्ञा आणि करारनामा

धारवाडच्या सप्तापूर भागात आज ज्याला त्याला विद्यार्थीच दिसतात. कर्नाटक महाविद्यालय लगतच, विद्यापीठाचा परिसरही फार दूर नाही. आणि सप्तापूरच्या बावीभोवतालच्या गल्ल्यांतून स्पर्धा-परीक्षांचे वर्ग, अभ्यासिका, वसतिगृहे आणि खाणावळी यांची इतकी दाटी झाली आहे की, पूर्वी ज्या विहिरीच्या नावाने हा भाग ओळखला जाई, ती विहीर आता केवळ बसथांब्याच्या नावापुरती उरली की काय असे वाटावे. येथे येणारा प्रत्येक तरुण पदवी मिळविण्यासाठी, अथवा मिळालेल्या पदवीचे मोल वसूल करण्यासाठी येतो. त्यात गैर काहीच नाही. परंतु पदवी हाती आली आणि एखाद्या शाळेने, महाविद्यालयाने अथवा पेढीने नेमणुकीचा कागद पुढे केला, म्हणजे त्या कागदावर बारीक अक्षरांत एक कलम हटकून असते: अमुक मुदतीत पदवी पुरी केली पाहिजे, अमुक वर्षे नोकरी सोडता कामा नये, सोडल्यास अमुक रक्कम भरली पाहिजे. सही करणारा तरुण हे कलम बहुधा वाचत नाही. वाचले तरी ते आजकालच्या व्यापारी युगाचे अपत्य आहे असे समजतो. वस्तुतः या कलमाला फार मोठा आणि काही अंशी फार उदात्त असा इतिहास आहे. तो आपल्याच मुलखात घडलेला आहे. म्हणून त्याचा थोडा मागोवा घेण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

प्रारंभ जुन्या काळापासून करू. आपल्या देवालयांचा आणि विद्येचा संबंध केवळ वेदपठणापुरता नव्हता. विद्यादानाचा लेखी करार करण्याची रीतही देवालयांनीच जतन केली. विजापूर जिल्ह्यातील साळोटगी येथील शिलालेख इ. स. ९४५ चा आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याचा मंत्री नारायण याने त्रयीपुरुषाच्या मंदिराला जोडून विद्यापीठ उभारले. निरनिराळ्या जनपदांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांची राहण्याची सोय व्हावी, दिवाबत्ती चालावी आणि आचार्याचा योगक्षेम चालावा, म्हणून वेगवेगळ्या जमिनी नेमून दिल्याचे त्या लेखात नोंदविले आहे. कलबुर्गी जिल्ह्यातील नागावीच्या इ. स. १०५८ च्या लेखात तर घटिकास्थानात वेदाध्ययन करणारे किती, शास्त्राध्ययन करणारे किती, त्यांना शिकविणारे किती आणि ग्रंथभांडार सांभाळणारे ‘सरस्वती-भांडारिक’ किती, याची गणती दिली आहे. ग्रंथपालांची संख्या सहा आहे. महाराष्ट्रात चाळीसगावाजवळच्या पाटणे येथील भवानीच्या मंदिरातील लेखही असाच आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्यास दान दिले. शके ११२८ चा उल्लेख असलेल्या या लेखाचा काही भाग मराठीत आहे. आणि कोणत्या मालावर किती उत्पन्न मठाला द्यावयाचे हे व्यावहारिक कलम नेमके त्याच भागात आले आहे. प्रशस्ती संस्कृतात आणि देणे-घेणे देशी भाषेत, ही त्या काळची समंजस वाटणी होती.

या तिन्ही लेखांत लक्षात घेण्याजोगी एक गोष्ट आहे. दगडावर जे कोरले आहे, ते दात्याचे आणि गावाचे बंधन. आचार्याला जमीन मिळेल, विद्यार्थ्याला राहण्यास घर मिळेल, दिव्याला तेल मिळेल, आणि यात जो खोडा घालील तो पापाचा धनी होईल. शिकून बाहेर पडणाऱ्याने अमुक वर्षे येथेच राबावे, असे बंधन त्यांत घातलेले नाही. समावर्तन झाले की स्नातक मोकळा. त्याच्यावर गुरूचे ऋण असे. पण ते ऋण कागदावर चढविण्याची कल्पना कोणाला सुचली नाही. करार होता तो संस्थेला बांधणारा, विद्वानाला बांधणारा नव्हे.

हे चित्र इंग्रजी विद्येबरोबर पालटले. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक ही ती नावे. पदवी ही आता केवळ विद्येची खूण राहिली नाही. ती सरकारी नोकरीच्या दाराची किल्ली झाली. भांडारकरांसारखा महापंडितही प्रथम सरकारी शाळांचा मुख्याध्यापक म्हणून सिंध-हैदराबादेस आणि रत्नागिरीस गेला. पदवीधर थोडे आणि जागा पुष्कळ, अशा त्या दिवसांत बी. ए. झालेल्या तरुणाने मामलेदारी, मुन्सफी किंवा वकिली सोडून खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवावे, ही गोष्ट घरच्या माणसांना वेडेपणाचीच वाटणार. आणि खासगी शाळेला तर पदवीधरांवाचून गत्यंतर नव्हते. कारण सरकारी अनुदान, विद्यापीठाची मान्यता आणि पालकांचा विश्वास या तिन्ही गोष्टी शिक्षकांच्या नावापुढील अक्षरांवर अवलंबून होत्या. थोडक्यात, शाळेला पदवी हवी होती आणि पदवीला शाळा परवडत नव्हती.

हा पेच पुण्यात सुटला, आणि तो ज्या रीतीने सुटला त्या रीतीचे संस्कार पुढे बेळगाव-धारवाडपर्यंत पोहोचले. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी रत्नागिरीच्या सरकारी शाळेतील नोकरी सोडली आणि १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल उघडले. बाळ गंगाधर टिळक १८७९ साली कायद्याची पदवी घेऊन बसले होते. वकिली न करता ते शाळेत आले. त्यांचे सहाध्यायी गोपाळ गणेश आगरकर यांनीही डेक्कन कॉलेजात असतानाच शब्द दिला होता. परंतु त्यांची एम. ए. ची परीक्षा व्हावयाची होती. ती झाल्यावर १८८१ च्या प्रारंभी ते रुजू झाले. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ‘पदवी पूर्ण होताच रुजू होईन’ हे कलम आगरकरांनी पाळले. फरक इतकाच की ते कोणत्याही मुद्रांकित कागदावर लिहिलेले नव्हते. कोंकणीत ‘उतर’ हा एकच शब्द उच्चारलेल्या बोलालाही वापरतात आणि दिलेल्या वचनालाही. मराठीतही आपण ‘शब्द दिला’ असेच म्हणतो. आगरकरांचा करार हा असा होता.

१८८४ च्या ऑक्टोबरात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढील वर्षाच्या २ जानेवारीस फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. आता मित्रांच्या तोंडी बोलण्यावर भागणार नव्हते. घटना आली, नियम आले आणि ‘आजीव सभासद’ ही संज्ञा आली. शिक्षक हा संस्थेचा नोकर नव्हे, तर तो संस्थेचा चालक आणि भागीदारही, ही या घटनेतील मूळ कल्पना. एखाद्या पेढीचे भागीदार भांडवल घालतात आणि नफा वाटून घेतात. येथील भागीदारांनी आपल्या पदव्या आणि आयुष्याची उमेदीची वर्षे भांडवल म्हणून घालावयाची, आणि नफा कोणीच घ्यावयाचा नाही. पुढे रूढ झालेली प्रतिज्ञा वीस वर्षांची आणि वेतन महिना ७५ रुपयांचे. गोपाळ कृष्ण गोखले १८८४ साली बी. ए. झाले, १८८५ साली शाळेत आले, १८८६ साली आजीव सभासद झाले आणि आपली मुदत भरूनच बाहेर पडले.

परंतु या कराराची कसोटी लवकरच लागली. ती कसोटी काय होती, हे आजही प्रत्येक संस्थाचालकाने समजून घेण्यासारखे आहे. वीस वर्षांची सेवा म्हणजे नेमके काय? शाळेच्या घड्याळाप्रमाणे तास घेणे, की आयुष्याचा प्रत्येक तास संस्थेला देणे? टिळकांचे म्हणणे असे की, ज्याने स्वार्थत्यागाची शपथ घेतली त्याने बाहेरची मिळकत करू नये आणि बाहेरच्या कामात लक्ष गुंतवू नये. सर्वांचे वेतन सारखे असावे आणि संसाराच्या अडचणी सांगून ते वाढवून मागू नये. आगरकर, गोखले आणि त्यांचे पक्षीय यांचे म्हणणे असे की, ठरलेले काम चोख बजावल्यावर उरलेल्या वेळात ग्रंथ लिहिणे अथवा सार्वजनिक कार्य करणे हा माणसाचा अधिकार आहे, आणि मुलाबाळांच्या घरात चार पैसे अधिक लागतात हे नाकारण्यात काही पुरुषार्थ नाही. १८८७ साली पगारवाढीचा प्रश्न आला; पुढे होळकर महाराजांनी दिलेले ७०० रुपये व्यक्तींचे की संस्थेचे, असा वाद माजला; शेवटी गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, तेव्हा ठिणगी पडली. १८९० च्या अखेरीस टिळकांनी सविस्तर लेखी कारणे देऊन राजीनामा दिला.

या भांडणाची कथा मतभेदांची आणि स्वभावांची म्हणून पुष्कळांनी सांगितली आहे. त्यात सामाजिक सुधारणेच्या वादाचा भाग होता, यात संशय नाही. परंतु कागदाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात एक साधी उणीव दिसते. ज्या करारावर हे सर्व उभे होते, त्यात मुदत स्पष्ट होती, वेतन स्पष्ट होते. परंतु उरलेल्या वेळाचा धनी कोण, हे सर्वांनी एका अर्थाने वाचावे इतके स्पष्ट नव्हते. दोन्ही बाजूंना आपणच प्रतिज्ञा पाळीत आहोत असे प्रामाणिकपणे वाटत होते. जेथे माणसे हलकी असतात तेथे संदिग्ध कलमाचा गैरफायदा घेतला जातो. जेथे माणसे थोर असतात तेथे तेच कलम त्यांची मने दुभंगते. दुसरी हानी पहिल्याहून मोठी.

तरीही प्रतिज्ञा मोडली नाही; माणसे गेली आणि त्या जागी दुसरी आली. टिळकांच्या जाण्याने गणिताची जी जागा मोकळी झाली, तिच्यासाठी गोखल्यांनी आपले एल्फिन्स्टन कॉलेजातील स्नेही धोंडो केशव कर्वे यांना १८९१ साली बोलावून आणले. कर्व्यांनीही आजीव सभासदत्व पत्करले आणि १९१४ साली निवृत्त होईपर्यंत ते पाळले. गंमत अशी की, उरलेल्या वेळाचा जो वाद होता, त्याचे उत्तर कर्व्यांनी न बोलता दिले: फर्ग्युसनमधील तास संपवून ते हिंगण्याच्या विधवाश्रमाकडे पायी जात, आणि दोहोंपैकी एकाही कामाने दुसऱ्याची तक्रार केली नाही.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे उदाहरण या इतिहासात सर्वांत बोलके आहे. शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला जाण्यापूर्वीच त्यांनी संस्थेला वचन दिले होते की, परत आल्यावर आजीव सभासद होईन. १८९९ साली ते सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. सरकारी शिक्षणखात्यातील मोठ्या पगाराच्या जागा त्यांना अशक्य नव्हत्या. त्यांनी वचन पाळले आणि १९०२ साली महिना ७५ रुपयांवर फर्ग्युसनचे प्राचार्यपद घेतले. पदवी मिळाल्यावर वचनाची किंमत वाढते, ही गोष्ट येथे स्पष्ट होते. वचन देताना माणूस साधा विद्यार्थी असतो. पाळताना तो रँग्लर असतो. मधल्या काळात बाजारात त्याचा भाव शतपट वाढलेला असतो, आणि कराराची खरी परीक्षा त्या वाढलेल्या भावानेच होते.

आता दक्षिणेकडे वळू. १९१७ साली कर्नाटक महाविद्यालय निघेपर्यंत धारवाड-कारवारकडील मुलाला पदवीसाठी पुणे, मुंबई किंवा कोल्हापूर गाठावे लागे. सदर्न मराठा रेल्वेच्या कचेरीची भव्य इमारत ही पुढे या महाविद्यालयाची वास्तू झाली. जेथे आगगाड्यांचे हिशेब होत, तेथे काव्य आणि गणित शिकविले जाऊ लागले. परंतु त्यापूर्वीची पिढी पुण्यास शिकली, आणि येताना फर्ग्युसनची पदवी आणि फर्ग्युसनचा वारा अशा दोन्ही वस्तू घेऊन आली. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे १९१८ साली फर्ग्युसनमधून बी. ए. होऊन धारवाडला परतले आणि व्हिक्टोरिया हायस्कुलात शिक्षक झाले. घरची भाषा मराठी, काव्याची भाषा कन्नड. दोन्ही भाषांना त्यांनी आपले मानले. पुढे १९४४ ते १९५६ ते सोलापूरच्या महाविद्यालयात कन्नडचे प्राध्यापक होते. कन्नड काव्याला ज्ञानपीठाचा मान मिळवून देणाऱ्या या कवीची उपजीविका पुष्कळ वर्षे शिक्षकाच्या वेतनावर चालली, हे विसरता कामा नये.

बेळगावात १३ नोव्हेंबर १९१६ रोजी कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. सात तरुण शिक्षक आणि तीन दानशूर यांच्या बळावर ती उभी राहिली; त्या सातांना लोक आजही ‘सप्तर्षी’ म्हणतात. पुण्याच्या आजीव सभासदांचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. माध्यमिक शाळेपासून सुरुवात करून या संस्थेने १९३३ साली बेळगावला लिंगराज महाविद्यालय आणि १९४७ साली हुबळीला अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीनेही दक्षिण महाराष्ट्रासाठी १९१९ साली सांगलीजवळ विलिंग्डन महाविद्यालय सुरू केले, आणि तेथे कन्नडालाही मानाचे स्थान दिले. कर्नाटक महाविद्यालयाचे विद्यार्थी विनायक कृष्ण गोकाक हे १९३१ साली फर्ग्युसनला प्राध्यापक झाले. सोसायटीने त्यांना ऑक्सफर्डला पाठविले, आणि परतल्यावर त्यांनी विलिंग्डनचे प्राचार्यपद सांभाळले. पुढे १९५० च्या दशकात ते ज्या महाविद्यालयात शिकले त्याच कर्नाटक महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. संस्थेने आधी माणसावर खर्च करावयाचा आणि माणसाने मग संस्थेची सेवा करावयाची, ही देवघेव भाषेच्या सीमेपाशी अडली नाही, हे आज सीमेवरून भांडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

किनाऱ्याकडेही असेच प्रयत्न होत होते. मंगळुरास अम्मेंबळ सुब्बराव पै या वकिलाने १८९१ साली कॅनरा हायस्कूल आणि त्यानंतर मुलींसाठी वेगळी शाळा काढली. १९०६ साली त्यांनीच हिंदू पर्मनंट फंड स्थापन केला, जो पुढे कॅनरा बँक झाला. शाळा आधी आणि बँक मागाहून, हा क्रम मननीय आहे. गोव्यात मात्र १९६२ साली पणजीला आणि मडगावला महाविद्यालये निघेपर्यंत कला-विज्ञानाच्या पदवीची सोय नव्हती. म्हणून घाट चढून बेळगाव-धारवाडला आलेल्या गोमंतकीय विद्यार्थ्यांच्या पिढ्याच्या पिढ्या या भागाने पाहिल्या आहेत. कोंकणी बोलणाऱ्या कित्येक घरांचे पहिले पदवीदान धारवाडच्या मातीत झाले आहे.

या परंपरेला आणखी एक अंग आहे, आणि ते सांगितल्यावाचून चित्र पुरे होणार नाही. ज्यांनी पदवीधर घडविले त्या सर्वांना पदवी होती असे नाही. भाऊराव पाटील मॅट्रिकही झाले नव्हते. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली, ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने त्यांना शिकविले, आणि शिकून मोठी झालेली हीच मुले आजीव सेवक म्हणून संस्थेत परत आली. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे अशाच मुलांपैकी. विलायतेहून परतून त्यांनी संस्थेत काम केले आणि पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ साली पुणे विद्यापीठाने भाऊरावांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली, तेव्हा पदवीचाच गौरव झाला असे म्हटले पाहिजे. हिंगण्याच्या आश्रमासाठी दारोदार आणि अखेर अमेरिकेपर्यंत जाऊन निधी जमविणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांच्यापाशीही पदवी नव्हती. कर्व्यांनी १९०८ साली स्थापिलेल्या निष्काम कर्म मठाने सेवेची शपथ हीच पात्रता मानली होती. तेव्हा, पदवी ही सेवेची एक अट असू शकते. ती सेवेची सीमा नव्हे, हे या लोकांनी आपल्या आयुष्याने सिद्ध केले.

स्वातंत्र्यानंतर हा सर्व व्यवहार हळूहळू शपथेकडून कायद्याकडे सरकला. महाराष्ट्रात १९७७ च्या अधिनियमाने खासगी शाळांतील शिक्षकांच्या नेमणुकीचे, दोन वर्षांच्या परिवीक्षेचे आणि राजीनाम्याचे नियम ठरविले. कर्नाटकात १९८३ चा शिक्षण अधिनियम आला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकाची किमान पात्रता देशभर निश्चित केली, आणि जे आधीच शिकवीत होते पण अपात्र ठरत होते, त्यांना पात्रता मिळविण्यासाठी मुदत दिली. ती वाढवून ३१ मार्च २०१९ पर्यंत नेण्यात आली. ‘अमुक तारखेपर्यंत पदविका घ्या’ हे कलम अशा रीतीने एका संस्थेचे न राहता देशाचे झाले. यात शिक्षकाचे हित झाले, हे मान्यच केले पाहिजे. चालकांच्या लहरीवर नोकरी जाण्याचे भय कमी झाले. परंतु भागीदार म्हणून असलेला शिक्षक त्याबरोबर नाहीसा झाला आणि केवळ कर्मचारी उरला, ही हानीही नोंदविली पाहिजे.

राहिला प्रश्न बंधपत्राचा. कायदा याबाबत काय म्हणतो हे पुष्कळांना ठाऊक नसते. मनाविरुद्ध कोणाकडूनही वैयक्तिक सेवा करवून घेण्याचा हुकूम न्यायालय देत नाही. १८७७ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमातही हे तत्त्व होते आणि १९६३ च्या अधिनियमातही आहे. १८७२ च्या करार अधिनियमाचे कलम २७ कोणाला धंदा करण्यास मज्जाव करणारा करार निरर्थक ठरविते, आणि कलम ७४ नुसार करारभंगाची भरपाई वाजवी तेवढीच मिळते, कागदावर लिहिली तेवढी नव्हे. मात्र १९६७ साली कल्याणच्या एका गिरणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले की, नोकरीची ठरलेली मुदत चालू असताना दुसरीकडे तसेच काम न करण्याचे बंधन वैध असू शकते. आणि २०२५ च्या मे महिन्यात विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरली. ही बँक १९३१ साली मंगळुरास निघाली. ती पुढे बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली आहे. वैद्यकीय पदवीधरांनी काही काळ ग्रामीण भागात सेवा करावी म्हणून महाराष्ट्रात बंधपत्राची पद्धत रूढ झाली आणि कर्नाटकाने २०१२ साली स्वतंत्र कायदाच केला. याचा अर्थ, बंधन मुळीच घालू नये असे न्याय म्हणत नाही. ते वाजवी असावे आणि त्यामागे काही दिलेले असावे, इतकेच न्याय म्हणतो.

येथे मूळ मुद्द्याकडे येतो. शिलालेखांच्या काळी करार संस्थेला बांधीत असे. आजीव सभासदांच्या काळी तो दोघांना बांधीत असे. शिक्षकाने वीस वर्षे द्यावयाची आणि संस्थेने त्याला कारभाराचा हक्क द्यावयाचा. आज पुष्कळ ठिकाणी तो केवळ नोकराला बांधतो. मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवून घ्यावयाची, सोडून जाणाऱ्याकडून पैसे मागावयाचे, आणि स्वतः मात्र वेतनवाढीचे, पुढील शिक्षणासाठी रजेचे वा निवृत्तीचे एकही वचन द्यावयाचे नाही, अशी रीत काही खासगी संस्थांत पडली आहे. अशा चालकांनी पुण्याच्या त्यागाचे दाखले देऊ नयेत. ७५ रुपयांवर वीस वर्षे काढणारे लोक त्या संस्थेचे धनी होते. नियम त्यांनीच केले होते आणि ते प्रथम त्यांनाच लागू होते. धनीपणा न देता त्याग मागणे याला दुसरे नाव आहे, आणि ते सुज्ञ वाचकांस सांगण्याची गरज नाही.

आपल्या देवालयांचे आणि समाजाचे विद्यार्थी-निधी ठिकठिकाणी आहेत. काही जण शिष्यवृत्ती घेणाऱ्याकडून ‘पदवीनंतर परतफेड करीन’ असे लिहून घेतात, काही जण घेत नाहीत. लिहून घेण्यात कमीपणा नाही. परंतु या इतिहासाने शिकविलेल्या तीन गोष्टी ध्यानात ठेवून लिहून घ्यावे. पहिली अशी की, मुदत आणि रक्कम जितकी स्पष्ट लिहितो तितकेच स्पष्ट हेही लिहावे की कोणत्या गोष्टी मागितल्या जाणार नाहीत. १८९० चे भांडण याच रिकाम्या जागेतून उगवले. दुसरी अशी की, निधीने स्वतःवरही बंधन घ्यावे: मुलगा आजारी पडला, परीक्षेत एकदा नापास झाला, मुलीचे लग्न ठरले, तरी पदवी पुरी होईपर्यंत आधार काढून घेणार नाही, असे विश्वस्तांनीही सहीनिशी लिहून द्यावे. साळोटगीच्या दात्याने ते दगडावर कोरून दिले; आपल्याला कागद पुरेसा आहे. तिसरी अशी की, परतफेड पैशाचीच असली पाहिजे असे नाही. पदवी घेतलेल्या मुलीने वर्षभर रविवारी देवळाच्या सभामंडपात चार मुलांना गणित शिकविले, तर ते ऋण फिटलेच. आणि त्या चौघांपैकी एखादा उद्या स्वतः होऊन उभा राहील.

सप्तापूरच्या अभ्यासिकांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात. त्या दिव्यांखाली बसलेल्या मुलांना इतकेच सांगावयाचे आहे की, नेमणुकीचा कागद पुढे आला म्हणजे तो पुरता वाचा, न समजल्यास विचारा, आणि अन्याय्य कलम असेल तर नम्रपणे ते काढून टाकण्यास सांगा. परंतु एकदा विचार करून शब्द दिलात, तर भाव वाढला म्हणून तो मागे घेऊ नका. परांजप्यांनी केंब्रिजहून परत आणलेल्या गोष्टींत रँग्लरच्या मानापेक्षा मोठी गोष्ट हीच होती.